वरचा सूर माझा होता

खरं तर हे मी कोणालाच सांगायचं नव्हतं. लंकाबाईंनी तसं बजावलं होतं. पण दहा दिवस ऐकून ऐकून माझा जीव जळतोय. मी त्यांची भजनाची पेटी बोलतेय.

चाळीस वर्षांपूर्वी लंकाबाईंनी मला पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन महाळुंगे पडवळला आणलं. तेव्हा गावात बायकांचं भजनी मंडळ नव्हतं. "बाया आता टाळ कुटणार व्हय!" म्हणून पुरुष हसले. लंकाबाईंनी घरोघर जाऊन अकरा जणी गोळा केल्या. पुढे कळंबपासून राजुरीपर्यंत आम्हाला बोलावणं यायचं. त्यांचा उजवा हात माझ्या पट्ट्यांवर, डावा भात्यावर. लोक मात्र बघायचे त्यांच्याकडेच.

दोन वर्षांपूर्वी एक गवळण म्हणताना वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. घरी माझं झाकण लावताना त्या हळूच म्हणाल्या, "आता वरचं तू म्हण. कुणाला बोलू नको, बाई."

तेव्हापासून ती जागा आली की त्या नुसते ओठ हलवायच्या, भाता जोरात दाबायच्या, आणि गायचे मी. शेजारी टाळ वाजवणाऱ्या बायडाबाईंनाही कधी कळलं नाही.

आज त्यांची दशक्रिया झाली. मंडळी घाटावरून घरी आली.

"शेवटपर्यंत आवाज कसा घंटीवानी व्हता!" गावातले भिमाजी म्हणाले.

"तिला पेटी तरी कशाला लागत व्हती?" बायडाबाईंनी डोळे पुसले.

मला रडू आलं नाही, राग आला. फोटोला हार, आवाजाला वाहवा आणि मला काय? त्यांच्या मुलाने, दादाभाऊंनी, मला आईच्या लुगड्यात गुंडाळलं. "आता हिला कुणी हात लावायचा न्हाई. काचेचं कपाट करून फोटोखाली ठेवू."

त्यांना हा मान वाटतो. बंद राहिलेली पेटी आतून गंजते, हे त्यांना कोण सांगणार?

"पप्पा, मी शिकले तर?" दादाभाऊंच्या लेकीने, सोनलने विचारलं.

"तुला चार माणसांत बोलता येत न्हाई. गाणार काय तू?"

सगळे हसले. सोनल माझ्याजवळ येऊन बसली.

आता बाहेर माझ्याशिवायच भजन सुरू आहे. बायडाबाईंनी तीच गवळण धरली आहे. वरची जागा आली आणि आवाज अडकला. पुन्हा धरली, पुन्हा अडकला. मला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू? आता कळू दे सगळ्यांना, ती जागा घेणाऱ्या एकट्या लंकाबाई नव्हत्या, शेवटची दोन वर्षं त्यांच्या आवाजात मी—

"सोनल!" दादाभाऊंनी हाक मारली. "सोड ते लुगडं, पेटी आण बाहेर! बायडामावशीचा आवाज चढंना. आन् भाता तूच मार."