तळावरचा शब्द

नानांबरोबरचा माझा शेवटचा साधा दिवस रविवार होता. मी सकाळच्या बसने जळगावहून धुळ्याला आले आणि डबा घेऊन थेट दुकानात गेले. दुकान म्हणजे एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर टाकलेलं टेबल, एक लाकडी ठोकळा आणि छिन्न्यांचा डबा. बेचाळीस वर्षं माझे वडील तिथे बसून लोकांच्या भांड्यांवर नावं घालत होते. मशीन आलं तेव्हा त्यांनीही घेतलं, पण पितळेवर ते छिन्नीच चालवत.

एक बाई पितळी ताट घेऊन उभ्या होत्या. "मुलीच्या लग्नात द्यायचंय. नावाखाली असं काहीतरी घाला, जे कधी जुनं होणार नाही."

नानांनी वही काढली. तिच्यात असल्याच शब्दांची यादी होती. अखंड, अक्षय, चिरंतन, अविनाशी, अजरामर. निम्मे शब्द मीच पुरवलेले. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे शब्द माझ्याकडे फुकट मिळतात अशी त्यांची समजूत होती. प्रत्येक शब्दापुढे तो जितक्या भांड्यांवर घातला तितक्या बारीक रेघा होत्या. 'अक्षय'पुढच्या रेघा पुढच्या पानावर गेल्या होत्या.

"सदाबहार घालता का?" बाईंनी विचारलं.

"ते गाण्यांना ठीक आहे ताई. ताटाला नको."

आतून जितेंद्रभाऊ, भांड्यांच्या दुकानाचे मालक, ओरडले, "नाना, 'स्टॉक संपेपर्यंत' घाला! तेवढंच खरं असतं."

"तू माझं गिऱ्हाईक पळव," नाना म्हणाले, आणि हसत हसत 'अक्षय'चा 'अ' ठोकायला लागले.

बाई गेल्यावर आम्ही जेवलो. कळण्याची भाकरी, ठेचा. नाना जेवताना फार बोलत नसत. हात धुताना म्हणाले, "जितेंद्र सांगतो, पितळेची फॅशन परत आली. पुण्याची माणसं शोधत येतात."

"येतात खरी."

"तुझा हंडा आण पुढच्या रविवारी. काळा पडला असेल. चिंच लावून घासतो. अक्षरं बुजली असतील तर परत उठवतो."

माझ्या लग्नात नानांनी मला पितळी हंडा दिला होता. काठावर माझं नाव, आणि तळाखाली, कुणाला सहज दिसणार नाही असा, एक शब्द. तो त्यांनी दुसऱ्या कुणाच्याही भांड्यावर घातला नव्हता. मांडवातच त्यांनी मला हे कानात सांगितलं होतं. मागे फोटोवाला घाई करत होता. मी मान हलवली होती.

"आणते," मी म्हटलं.

"माळ्यावरच आहे ना?"

"हो."

"शब्द वाचलास ना?"

"वाचला की."

"कसा वाटला?"

"छान आहे नाना."

त्यांनी चष्मा काढला. "तुझी आई म्हणायची, पोरीच्या लक्षात यायचं नाही. म्हटलं, एवढं वाचते, तिच्या नाही येणार तर कुणाच्या?" मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा तांब्या ठोकळ्यावर घेतला.

हंडा माळ्यावर नव्हता. पाच वर्षांपूर्वी जळगावातच, पिंप्राळ्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा तो कुठेच मावेना. मी तो मोडीत दिला आणि बदल्यात स्टीलच्या डब्यांचा सेट आणला. दुकानदाराने हंडा काट्यावर उपडा ठेवला होता. म्हणजे तळ वर होता, माझ्या समोर. मी त्या वेळी डब्यांची झाकणं लागतात का ते बघत होते.

गुरुवारी दुपारी ललितचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, एरवी फोनवर आधी मस्करी करतो. म्हणाला, "ताई, ये." नाना टेबलावर डोकं ठेवून बसले होते. जितेंद्रभाऊंना वाटलं डुलकी लागली.

चौथ्या दिवशी मी नानांची वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गेले. ज्या शब्दापुढे एकच रेघ असेल तो माझा, असं मी धरलं होतं. तसा एकही शब्द नव्हता. मागच्या पानांवर महिन्यावार कामांची नोंद होती. तिथे माझ्या लग्नाच्या महिन्यात माझ्या नावाने फक्त एवढंच होतं : 'ज्योत्स्ना – हंडा'. पुढे एक रेघ आणि कोरी जागा. ललितला विचारलं. त्याला शब्द होता हेच माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी कपडे आणायला जाते असं सांगून जळगावला आले आणि त्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. त्याने ऐकून घेतलं, खुर्ची दिली.

"ताई, मोड आमच्याकडे आठवडाभरसुद्धा थांबत नाही. वितळवायला जाते. पाच वर्षं झाली म्हणता."

"वितळवण्याआधी कुणी वाचतं का?"

"काय?"

"भांड्यावर काय लिहिलंय ते."

तो माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागला. "नाही ताई. कोण वाचणार?"

घरी गेले. डब्यांपैकी तीन उरलेत. एकाचं झाकण बसत नाही. मी ते हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. आयुष्यभर पुस्तकं वाचली. माझ्यासाठी एका माणसाने एकच शब्द लिहिला, तो उलटून बघायचं माझ्याकडून झालं नाही.

दहाव्या दिवशी पांझरेच्या काठी सगळे जमलो. नदीत पाणी नावालाच होतं. पिंड मांडला आणि आम्ही मागे सरकलो. समोर कडुलिंबावर दोन कावळे होते. ते हलले नाहीत.

ललितने हात जोडले. "नाना, टेबल मी चालू ठेवीन." तो बँकेत आहे, छिन्नी कधी हातात धरलेली नाही. कावळे बसून राहिले.

जितेंद्रभाऊ म्हणाले, "नाना, तुमची जागा कुणाला देत नाही."

झुंबरफुई, नानांची थोरली बहीण, पुढे झाली आणि मागे सगळं नीट आहे असं अहिराणीत समजावू लागली. "काय राह्यनं रे भाऊ तुनं? बठ्ठं बरोबर शे. जाय आता." मग ती माझ्याकडे वळली. "तू बोल ओ माय. तुन्हावर जीव व्हता त्याना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि म्हटलं, "नाना, आम्ही सगळे नीट राहू."

अर्धा तास गेला. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. "होतं असं," ते म्हणाले, "हल्ली कावळेच कमी झालेत." माणसं चपला शोधायला लागली. ललित फुईला धरून घाट चढला.

मी मागे राहिले. कडुलिंबावर आता एकच कावळा होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. खाली पिंडावर मुंग्या लागल्या होत्या. ऐकायला कुणी नव्हतं. नानाही नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं.

"नाना," मी मोठ्याने म्हटलं, "हंडा नाहीये. मोडीत दिला मी. तुम्ही घातलेला शब्द मी कधी वाचलाच नाही."