हे पण इथे बसतं

‘‘बाबा, यात करंट किती?’’

मुलगी टेबलाखाली वाकून विचारत होती. ऑफिसातून परस्पर आली होती आणि पर्स अजून खांद्यालाच होती. तपासणीला आलेली माणसं सहसा बसत नाहीत.

‘‘बारा व्होल्ट. जिभेला लावलंस तर फार तर तोंड वाकडं होईल.’’

‘‘लावून बघितलंत?’’

‘‘बघितलं.’’

वडील या वयात वायर चाटून बघतात, हे ऐकून मुलीचा विश्वास वाढला की घटला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने सवयीने भिंतीवरचं एक बटण बंद केलं. ‘‘एवढ्या उजेडात दिवा कशाला?’’ म्हणाली. टेबलावरचा दिवा विझला. ही सवय तिला लहानपणी वडिलांनीच लावली होती, चांगली ओरडून.

वडिलांना सगळे फेजकाका म्हणत. जन्मभर त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलची वीज सांभाळली. डॉक्टर जीव वाचवत आणि त्यांचे सत्कार होत. फेजकाका दिवे जाऊ देत नसत, पण दिवे गेले नाहीत म्हणून आजवर कोणी कोणाला शाल दिलेली नाही. खात्यात नवा पोरगा आला की ते त्याला आधी ऑक्सिजनच्या नळीपाशी नेत. ‘‘ही शेजारच्या, दुसऱ्या गॅसच्या भोकात बसवून दाखव.’’ पोरगा जोर लावी, घामाघूम होई. नळी बसत नसे. ‘‘बघितलंस? माणूस चुकणारच. म्हणून त्याला चुकायला जागा ठेवायची नाही.’’

दुसरा धडा लाल पाटीचा. बिघडलेल्या यंत्राला दोऱ्याने पुठ्ठ्याची लाल पाटी अडकवायची: ‘बंद. वापरू नये.’ आणि ज्याने अडकवली त्यानेच काढायची, मग मोठे साहेब आले तरी. निवृत्त होताना फेजकाकांनी अशा पाट्यांचा एक गठ्ठा घरी आणला. मिक्सरवर पाटी होती, डुगडुगणाऱ्या खुर्चीवर होती, आणि जावयाने हौसेने दिलेल्या पाय चोळायच्या मशीनवर तर पहिल्याच दिवशी लागली होती. जावई तेव्हापासून जरा जपूनच बोले.

पण उन्हाळ्यात एकदा फेजकाकांनी दूध तापत ठेवलं आणि गॅलरीत जाऊन पेपर वाचत बसले. पातेलं जळून कोळसा झालं. शेजारणीने धूर बघून मुलीला फोन केला. तोपर्यंत नात, म्हणजे भिंगरी, शाळा सुटली की आजोबांकडे येत असे. दुसऱ्या दिवसापासून ती पाळणाघरात जाऊ लागली. भांडण वगैरे काही झालं नाही. मुलगी फक्त म्हणाली, ‘‘तुम्हालाही जरा आराम.’’

फेजकाकांनी हा आराम काही दिवस सहन केला. मग एक प्लायवूड आणलं.

आता ते टेबलावर पसरलं होतं. लंबगोल रूळ, पूल, बुटांच्या खोक्याचं स्टेशन. टेबल जेवायलाही लागतं म्हणून फळीचे दोन भाग केले होते, आणि दोन्हीकडच्या वायरी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पिनांच्या कनेक्टरने जोडायच्या. सहा वर्षांच्या बोटांना सहज ओढता येतील असे. टोकदार काही नाही, उघडं काही नाही. गाडी सुटायला हिरवं बटण, थांबायला लाल. दोन्ही बशीएवढी. रूळ बदलायला एक दांडी, आणि ती ओढली की समोरचा सिग्नल आपोआप लाल होऊन तिकडची गाडी थांबे. दोन गाड्या एकमेकींवर आदळायची सोयच नव्हती.

‘‘आजोबा, टक्कर कशी करायची?’’ आईबरोबर पाळणाघरातून आल्या आल्या भिंगरीने विचारलं होतं.

‘‘होत नाही.’’

‘‘एकदा?’’

‘‘एकदाही नाही.’’

‘‘मग काय मजा?’’ ती म्हणाली, आणि तरीही पुढचा अर्धा तास टेबलापासून हलली नाही. फळ्या सुट्या केल्या, पुन्हा जोडल्या, गाडी सोडली, थांबवली. मुलगी अखेर खुर्चीत बसली. पर्स खाली ठेवली. फेजकाकांनी ते पाहिलं आणि चहा टाकला. तो उकळून गाळून होईपर्यंत ते शेगडीपुढून हलले नाहीत, हेही मुलीने पाहिलं.

‘‘बाबा, खरंच छान केलंय हो,’’ कप हातात घेत ती म्हणाली. ‘‘सोमवारपासून येऊ दे तिला इकडे. पाळणाघरात तशीही कंटाळते.’’

‘‘बघ बाई, तुला वाटत असेल तर,’’ फेजकाका म्हणाले. त्यांनी आपला चहा बशीत ओतला.

‘‘आजोबा,’’ भिंगरी ओरडली, ‘‘हे पण इथे बसतं!’’

फेजकाकांनी वळून पाहिलं.

भिंगरीच्या एका हातात रुळाची वायर होती. तिची पिन तिने एका पांढऱ्या कनेक्टरमध्ये घट्ट बसवली होती. तो कनेक्टर गाडीचा नव्हता. भिंतीकडून येणारी ती दिव्याची वायर होती, ज्या दिव्याच्या उजेडात फेजकाकांनी महिनाभर काम केलं होतं. तिची लांबी कमी पडली तेव्हा त्यांनी तिला जोड दिला होता. पुडक्यात कनेक्टर उरलेच होते. गाडीला लावले, तेच दिव्यालाही लावले. तो जोड भिंगरीने ओढून सुटा केला होता.

भिंगरीचा दुसरा हात रुळावर होता. घसरलेला डबा ती नीट लावत होती.

फेजकाकांच्या हातातली बशी खाली पडली. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. बटण वर होतं. बंद. मुलीने मघाशी उजेड वाया जातो म्हणून बंद केलेलं. मग त्यांनी प्लग खेचून काढला, आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले.

‘‘अहो बाबा, काय झालं? बशी फुटली म्हणून एवढं काय?’’

‘‘गाडी चालत नाहीये,’’ भिंगरी तक्रारीच्या सुरात म्हणाली.

‘‘हुशार आहे हो,’’ मुलगी हसली. ‘‘बरोबर बसवली की नाही!’’

‘‘बसायलाच नको होती,’’ फेजकाका म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. सरळ, दोन वाक्यांत, हॉस्पिटलात रिपोर्ट देत तसं. ते बटण चालू असतं तर घरातली सगळी वीज रुळात आली असती. आणि तिचा हात रुळावर होता.

मुलीने भिंगरीला उचलून मांडीवर घेतलं. पोरगी मोठी झाली होती, मांडीत मावत नव्हती.

‘‘पण काही झालं नाही ना, बाबा,’’ मुलगी शेवटी म्हणाली. तिचा हात मात्र भिंगरीच्या तळव्यावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा. ‘‘तो जोड काढून टाका, म्हणजे झालं.’’

‘‘काही झालं नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला मी खात्यात ठेवला नसता.’’

‘‘चूक होते माणसाची. तुम्हीच म्हणता.’’

‘‘माणसाची होते. ही माझी आहे.’’ ते खुर्चीत बसले. डुगडुगणाऱ्या, पाटीवाल्या. ‘‘दुधाचं विसरलो, ते विसरणं होतं. हे मी विसरलो नव्हतो. शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने जोडलं, आणि वर मस्त झालं म्हणालो. तिला पाळणाघरातच राहू दे.’’

‘‘बाबा, अहो...’’

‘‘नको म्हणतोय ना.’’

मुलीने मान खाली घातली. ती नाही म्हणाली नाही. तेवढ्यावरून फेजकाकांना कळायचं ते कळलं.

भिंगरीला यातलं एवढंच समजलं की आजोबांचं काहीतरी बिघडलंय. ती मांडीवरून उतरली. कपाटाचा खालचा खण तिला पाठ होता. तिने दोन लाल पाट्या आणल्या. एक दिव्याच्या वायरीला बांधली. दुसरी घेऊन आजोबांपुढे आली आणि तिचा दोरा त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीला अडकवला.

‘‘अगं!’’ मुलगी ओरडली.

‘‘नीट बांध,’’ फेजकाका म्हणाले. ‘‘गाठ सुटते तुझी.’’

निघताना दारात मुलीने पाटी काढायला हात पुढे केला. तिचे डोळे भरले होते. फेजकाका एक पाऊल मागे सरले.

‘‘तू नको. जिने लावली तिनेच काढायची.’’

‘‘मग मी कधी काढू?’’ भिंगरीने विचारलं.

‘‘आईबरोबर येशील तेव्हा.’’

दोघी जिना उतरू लागल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चढत येत होते. त्यांनी फेजकाकांच्या छातीवरची पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि विचारावं की नाही ते न कळून म्हणाले, ‘‘काय फेजकाका, बरं आहे ना?’’

‘‘हो,’’ फेजकाका म्हणाले, आणि खालच्या दाराचा आवाज येईपर्यंत जिन्यातला दिवा त्यांनी चालू ठेवला. मग बंद केला.