नकाशात नसलेला बीम

नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी नकाशा खिडकीच्या उजेडात धरला, मान वर करून छताकडे पाहिले आणि पुन्हा नकाशात डोके घातले.

"हा बीम यात दिसत नाही."

अभियंत्याने वर पाहिले. वरच्या मजल्यावरच्या त्या लहानशा खोलीत, छताच्या बरोबर मधून एक जाड बीम या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता. तो त्याने आज पहिल्यांदाच पाहिला. नकाशा त्याच्याच हातचा होता. त्याने परवान्यासाठी केलेल्या अर्जात 'प्रत्यक्ष देखरेखीखालील कामे' या मथळ्याखाली हे घर पहिले होते, अकरा भेटींच्या तारखांसह; तेच तपासायला अधिकारी आले होते. खऱ्या भेटी दोनच, त्याही पायाच्या वेळच्या. नऊ वर्षे दुसऱ्याच्या सहीसाठी नकाशे काढल्यावर आता स्वतःच्या सहीचा परवाना हाताशी आला होता. सासऱ्यांनी तर त्याच्या नावाची पाटीही रंगवायला टाकली होती.

मघाशी दार उघडताना घरमालकीणबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले होते. निवृत्त परिचारिकाच त्या. माणूस पारखायची सवय.

"तुम्ही होय इंजिनिअर? मला वाटलं, विम्याचे आलात."

अधिकारी तेव्हा बूट काढत होते. त्यांनी ते ऐकले की नाही, कोण जाणे.

"कोणी घातला हा?" आता त्यांनी विचारले.

अभियंता नकाशाकडे पाहू लागला. दाराशी मिस्त्री उभे होते. घर त्यांनीच बांधलेले, म्हणून तपासणीला मुद्दाम बोलावलेले; वयाने त्याच्या वडिलांएवढे. ते पुढे आले.

"साहेबांनीच. वर पाण्याची टाकी आहे ना, नेमकी स्लॅबच्या मधोमध. शटरिंग चालू असताना साहेब आले, म्हणाले, मिस्त्री, खालून आधार नाही दिला तर स्लॅब वाकेल. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं."

"देखरेख म्हणतात ती हीच," अधिकारी म्हणाले. "नकाशे काय, कोणीही काढतं."

शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहून ते टाकी पाहायला गच्चीवर गेले.

"मिस्त्री, हे काय सांगितलंत?"

"मग काय सांगू? टाकीच्या वजनाचं विचारायला तीनदा फोन केला होता तुम्हाला. तुमचं आपलं एकच, नकाशाप्रमाणे करा."

त्याला ते फोन आठवले. मिस्त्री नेमके काय विचारत आहेत ते त्याला समजले नव्हते, आणि समजले नाही असे म्हणणे जड गेले होते.

"मग?"

"मग नाही केलं." मिस्त्री हसले. "या खोलीत बाई झोपतात, साहेब."

बीमच्या खाली खाट होती. उशीशेजारी घडी घातलेला चष्मा होता. अभियंता त्या चष्म्याकडे पाहत राहिला.

अधिकारी खाली आले आणि त्यांनी कागद पुढे केला. "इथे सही करा. सोमवारी परवाना घेऊन जा."

त्याने पेन हातात घेतले. मग ते कागदावर आडवे ठेवले.

"साहेब, बीम मी सांगितला नव्हता. यांनी स्वतःहून घातला. माझा नकाशा चुकला होता. आणि भेटी… दोनच झाल्यात."

अधिकाऱ्यांनी शेऱ्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

"सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा." मग ते मिस्त्रींकडे वळले. "आणि तुम्ही? या वयात सरकारी माणसापुढे खोटं बोलता?"

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चुकलं, साहेब."

मिस्त्रींवर हे येईल, असे अभियंत्याच्या ध्यानीमनी नव्हते. अधिकारी निघून गेले, तरी मिस्त्रींची मान वर झाली नाही.

"मिस्त्री, मला तुम्हाला…"

"एवढं खरं बोलायचं होतं, तर तेव्हा फोनवर बोलायचं," मिस्त्री हळू म्हणाले. "कळत नाही म्हणाला असतात, तर समजावून दिलं असतं मी. कोणाला कळलंही नसतं."

ते जिना उतरू लागले. खालून बाईंचा आवाज आला.

"काय हो मिस्त्री, पास झाले का तुमचे साहेब?"

मिस्त्री शेवटची पायरी उतरले.

"ते त्यांनाच विचारा," असे म्हणून ते चपला घालायला वाकले. अभियंता अजून वरच्याच पायरीवर होता.