नंबर विचारायचा कुणी

रितेशने शर्टाच्या टोकाने ड्रोनची पाठ पुसली, तिच्यावर चिकटवलेला नंबर नीट वाचता येतो ना ते पाहिलं आणि ड्रोन अंगणाच्या मधोमध ठेवला.

"सारवणावर नको ठेवू रे," गोदूबाई उंबऱ्यातून म्हणाली. "देवी यायची हाय."

"आये, ती यायची नाय. गेल्या शिमग्याला आली?"

ओटीचं ताट गोदूबाईने पदराखाली धरलं होतं. गेल्या वर्षीही धरलं होतं, आणि पालखी दारावरून पुढे गेली तेव्हा ते तसंच आत नेऊन ठेवलं होतं.

तिचा नवरा कुशाबा वारला त्यानंतरची ही गोष्ट. गावकीने देवळाच्या मंडपासाठी त्यांच्या अंगणाची पट्टी मागितली आणि गोदूबाई नाही म्हणाली. बाईमाणसाने नाही म्हणावं, तेही देवीला! गावकी बसली आणि घर वाळीत पडलं. नियम सोपा होता. या घराशी जो बोलेल त्याने देवळात नारळ फोडून गावकीची माफी मागायची. तोवर त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही आणि त्याच्याही दारी पालखी न्यायची नाही. नियम केला महिपतने. तो गावकीचा अध्यक्ष, आणि नात्याने गोदूबाईचा चुलत दीर. नियम करणाऱ्याला नेहमी वाटतं, तो दुसऱ्यांसाठीच असतो.

रितेश महाडला लग्नांचे फोटो काढायचा. पालखी वाडीतल्या प्रत्येक दारी थांबते आणि या एकाच दारी थांबत नाही, हे वरून टिपलं की तहसीलदारापुढे कुणाला कानावर हात ठेवता येणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. म्हणून ड्रोन घेतला, आणि उडवण्याआधी विमान खात्याच्या वेबसाइटवर त्याची नोंदणी केली. एवढ्याशा खेळण्याला कशाला, असं मित्र म्हणाले. पण वाळीत पडलेल्या माणसाला कुठे फट ठेवून चालत नाही.

ढोल-सनईचा खालूबाजा जवळ आला. वळणावर पालखी दिसली. पुढचा दांडा महिपतच्या खांद्यावर होता. अंगणातला ड्रोन दिसताच तो थबकला, त्यामुळे पालखीही थांबली आणि मागोमाग बाजाही.

"मुरारी," तो शेजारी चालणाऱ्या गुरवाला म्हणाला, "सांग त्यांना, देवीच्या डोक्यावरून काय उडवायचं नाय."

आता मुरारीने तरी कसं सांगावं? तो कुंपणाजवळच्या फणसाकडे तोंड करून म्हणाला, "देवीच्या वर काय उडवू नये."

"फणस काय उडवत नाय, मुरारीकाका," रितेश म्हणाला.

मागे कुणीतरी हसू दाबलं. महिपतचा चेहरा उतरला, मग तापला.

"नंबर लागतो त्याला," तो मुरारीलाच, पण मोठ्याने म्हणाला. "सरकारात नोंद लागते. बिननंबरी असला तर पोलीस उचलून नेतात. यांनी ड्रोन आणल्याचं कळलं तवाच मी विचारून ठेवलंय." त्याने दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि पोलीस ठाण्यात फोन लावला. स्पीकर मुद्दाम चालू केला. साऱ्या वाडीने ऐकावं, हीच इच्छा होती.

हवालदाराने तक्रार ऐकून घेतली.

"नोंदणी आहे का त्याची?"

"नसणारच, साहेब."

"नसणारच म्हणजे? विचारलंत?"

"नाय."

"माणूस समोर आहे ना? मग विचारा की. नंबर काय, कुणाच्या नावावर आहे. मी फोन धरतो."

महिपतने मुरारीकडे पाहिलं. मुरारीने फणसाकडे.

"विचारताय ना?"

"साहेब, आमी बोलत नाय त्याच्याशी."

"तुम्ही बोलत नसाल तर दुसऱ्या कुणाला विचारायला सांगा."

"दुसरं पण कोण..." महिपतने जीभ चावली, पण उशिराच.

"गावात कुणीच बोलत नाही?" हवालदाराचा आवाज बदलला. "वाळीत टाकलंय की काय? गुन्हा आहे हो तो."

"नाय, नाय साहेब. तसलं काय नाय आमच्यात. बोलतो ना. ह्यो बघा, बोलतो."

त्याने घसा खाकरला. इतके दिवस गिळून ठेवलेलं नाव बाहेर यायला वेळ लागला.

"रितेश," तो म्हणाला, "नंबर हाय काय रे तुझ्या ड्रोनला?"

"हाय, काका." रितेशने ड्रोन उचलून नंबर सावकाश वाचून दाखवला. "माझ्याच नावावर हाय."

"झालं तर," हवालदार म्हणाला आणि फोन बंद झाला.

"चला, उचला पाय," महिपत म्हणाला. कुणी हललं नाही.

"मुरारी, चल म्हणतो ना."

मुरारी गप्प. पालखीवाले गप्प. पुढचं घर महिपतचंच होतं. त्याची बायको ताट घेऊन दारात उभी होती आणि पालखी का अडली ते वाकून पाहत होती. महिपतने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी नजर वळवली, कुणाच्या मिशीत हसू होतं. मग त्याला कळलं.

तेवढ्यात गोदूबाई अंगण ओलांडून पालखीपाशी आली. पालखीवाले जागच्या जागी थिजले. तिला अडवायला हवं होतं, पण थांब म्हणायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. तिने देवीला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला. ती रागावली होती, आणि देवीपुढेही तिने तो राग लपवला नाही.

"आये, उडवू काय आता?" रितेशने विचारलं.

"कशाला? सगळ्यांनी बघितलं की."

रिकामं ताट कमरेवर टेकवून ती महिपतकडे वळली.

"या भावजी, पाणी पिऊन जावा," ती म्हणाली. "आता तुमच्याशी बोलायला वाडीत आमीच दोघं उरलो."

महिपतने मुरारीकडे पाहिलं. मुरारी फणसाकडे पाहत होता.