स्वातंत्र्य, पण फोन करून

मोडनिंबजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात भुवनेश्वरी सिस्टर आली, ती जादा शिकून आणि साध्यासुध्या दुखण्यावर स्वतःच्या सहीनं औषध द्यायचा हक्क घेऊन. पण तिचे वरचे डॉक्टर घोंगडे नेमके नेतृत्वाचं शिबिर करून परतले होते. म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य. फक्त वापरायच्या आधी मला एक फोन करायचा."

झालं! खोकल्याच्या गोळीलाही फोन. त्यात रेंज फक्त बाहेरच्या चिंचेखाली. सिस्टरचं दिवसभर आत-बाहेर चाललेलं आणि पेशंट बाकावर खोकत बसलेले.

एक दिवस साहेब तपासणीला आले आणि दारातच गांधीलमाशी त्यांच्या नाकाला डसली. नाक फुगून वांग्याएवढं झालं.

"सिस्टर, औषध द्या, लवकर!"

"देते की सर. तुमाला फोन लावून आले."

सिस्टर चिंचेखाली गेली. साहेबांचा फोन लागंना.

बाकावरची मथुराबाई म्हणाली, "सायेब, हितं रेंज न्हाय. तुमीबी चिंचंखाली जावा की."

साहेब नाक धरून पळाले. दोघं झाडाखाली समोरासमोर, कानाला फोन लावून उभी.

"सर, एका पेशंटला गांधीलमाशी चावलीय. औषध देऊ का?"

"द्या हो! आणि इथून पुढं तुमचं तुम्हीच ठरवा!"

सिस्टरनं हळूच फोन स्पीकरवर टाकला.

"सर, जरा मोठ्यानं सांगा की. बाकावरच्यांना ऐकू गेलं न्हाय."