पश्चिमेची भिंत

चाळीस वर्षं सिमेंट कालवलेल्या माणसाला त्याच्याच लेकीनं सांगावं, की माझ्या घराला सिमेंटचा कणही नको? म्हाताऱ्या गवंड्याच्या जिवाला हे लागलंच. कच्च्या मातीच्या जाड विटा, वरून माती, चुना आणि भुशाचा गिलावा. का, तर घर उन्हाळ्यात पंख्याशिवाय गार आणि थंडीत शेगडीशिवाय उबदार राहील! लेक घरांचे नकाशे काढायची. हे तिचं स्वतःचं घर. ते नीट उभं राहिलं, तरच लोक तिच्याकडून अशी घरं बांधून घेणार होते.

"सगळं जग मातीतून सिमेंटात गेलं, आणि ही बया उलटी निघालीय," असं तो बायकोला म्हणायचा. कामावर मात्र सगळ्यांच्या आधी हजर. बापाचं काळीज, दुसरं काय!

पश्चिमेची भिंत त्यानं बाहेरून एकट्यानं लिंपली. लेकीची पाठ वळली तसं त्यानं मालात सिमेंटचं घमेलं रिकामं केलं. मनात वाईट? छे! पोरीची भिंत पक्की व्हावी, एवढंच.

तीन आठवड्यांत त्या भिंतीचा गिलावा फुगला. टिचकी मारली की पोकळ वाजायचा. बाकीच्या तिन्ही भिंती ठणठणीत होत्या.

लेक भिंतीसमोर मटकन बसली. "बाबा, तुमचंच खरं. पश्चिमेचं ऊन माझ्या मातीला सोसत नाही. सगळं खरवडू आणि सिमेंटच करू."

हेच ऐकायला तो वर्षभर टपला होता. आता ऐकलं, तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "या मालात मी सिमेंट घातलंय. तुला न सांगता."

"बाबा! सिमेंटनं मातीतली ओल कोंडते, वरचा थर सुटतो. दहादा सांगितलं होतं ना?"

"ऐकलं होतं गं. पटलं नव्हतं."

ती तणतणत निघून गेली. त्यानं छिन्नी-हातोडा घेतला आणि संध्याकाळपर्यंत आपला गिलावा आपणच उतरवला. दमून आत आला, त्याच भिंतीला टेकला. बाहेरून ऊन भिंत भाजत होतं आणि आत त्याची पाठ गार पडली. "आयला," तो स्वतःशीच म्हणाला.

लेक पाणी घेऊन आली. अजून घुश्श्यातच होती. घटाघटा पाणी पिऊन, चाळीस वर्षांत कुणालाही मालाचं प्रमाण न विचारलेला तो गवंडी म्हणाला, "माती किती, चुना किती? नीट सांग. या वेळी लिहून घेतो."