डाव्या हाताची निब

काळं-हिरवं एबोनाइटचं पेन. शाई ड्रॉपरने भरायची. क्लिपवरचा मुलामा गेलेला. निब एका बाजूने झिजलेली.

एवढंच बिंदुमाधवने चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. सरस्वतीपुरममधल्या कल्याण मंटपाच्या वरच्या हॉलमध्ये फाउंटन पेनांचं प्रदर्शन भरलं होतं आणि तो टेबलामागून टेबल ती चिठ्ठी दाखवत फिरत होता.

"झिजलेली निब कोण मागतं हो?" मंडी मोहल्ल्यातले शंभूराव आपल्या टेबलामागून हसले. ओळख तीस वर्षांची, थट्टाही तेवढीच जुनी. "बन्नी, या, बसा. कॉफी घ्या. सोन्याच्या निबा सोडून भंगार शोधायला लागलात, म्हणजे वय झालं, अल्ला, नाही का?"

"तो पुण्याचा मुलगा आलाय का? उदय?"

"आलाय की. सकाळपासून सुम्ने, उगाच फिरतोय. का? गेल्या वर्षीची अदलाबदल उलटी करायचीय?"

बिंदुमाधव हसला नाही. तेच करायचं होतं.

*

गेला जानेवारी. हाच हॉल.

उदयकडे एक जुनं जर्मन पेन होतं. बिंदुमाधव तसल्या पेनासाठी अकरा वर्षं झुरत होता. बदल्यात त्याने आपली दोन पेनं पुढे केली. उदय का-कू करायला लागला, तेव्हा वर तिसरं टाकलं. भाजीवाली पिशवीत वर कोथिंबीर टाकते तसं.

ते तिसरं वनजाचं होतं. त्याच्या बायकोचं. ती शाळेतून निवृत्त झाल्यापासून ड्रॉवरमध्ये पडून होतं. तिला विचारायचं राहून गेलं.

राहून गेलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

मार्च. "अहो, माझं पेन पाहिलंत का?"

"असेल इथेच कुठेतरी."

ऑगस्ट. वनजाला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं.

*

सगळे म्हणाले, नशीब, वनजाक्का डावखुरी. लिहून तरी सांगेल.

तिने लिहिलं नाही. बिंदुमाधवने संग्रहातली एकशे चाळीस पेनं एकेक करून तिच्या हातात दिली. ती प्रत्येक पेन उलटसुलट बघायची आणि पांघरुणावर ठेवून द्यायची. डॉक्टर म्हणाले, हात चांगला आहे, शब्द गेलेत. बोलायचे गेले तसे लिहायचेही. बिंदुमाधवने ऐकून घेतलं. डॉक्टरांना पेनातलं काय कळतं? एकतीस वर्षं एकाच हाताने, एकाच तिरकेपणात घासत आलेली निब. ती सोडून दुसऱ्या कशाने वनजा का लिहील?

पेन मिळालं की लिहील.

सकाळी दात घासताना हेच. तिला भरवताना हेच. पाच महिने हेच.

*

उदय उदय उदय ८८८८८ उदय ८८

खिडकीशी निबा घासून देणारा कारागीर बसला होता. त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसून उदय कोऱ्या कागदावर हे लिहीत होता. घासण्याआधी कारागीर गिऱ्हाइकाचा हात बघून घेतो. कोण किती दाबतं, पेन कसं धरतं. उदयच्या हातात काळं-हिरवं एबोनाइट होतं.

"खरखरतंय बघा," उदय म्हणाला.

कारागिराने निब भिंगाखाली धरली. "डावखुऱ्याने वापरलीय. खूप वर्षं. पाच मिनिटांत सपाट करतो."

छोटं चाक घरघरायला लागलं.

"थांबा!"

बिंदुमाधव इतक्या जोरात ओरडला, की आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. त्याने खिशातून जर्मन पेन काढून कारागिरापुढे ठेवलं. "हे घ्या. ते मला द्या."

"काका, याच्या बदल्यात ते?" उदयला हसू आलं. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझ्या बायकोचं आहे ते. आजारी आहे ती. बोलत नाही. या पेनाने लिहील."

चाक थांबलं. उदयचं हसूही.

"काकूंचं होतं? मग मला वर म्हणून कसं टाकलंत?"

उदयने उत्तराची वाट बघितली नाही. त्याने पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही पेनं बिंदुमाधवच्या हातात ठेवली.

"जर्मनही तुमच्याकडेच राहू द्या. काकूंनी काही लिहिलं तर मला फोटो पाठवा."

बिंदुमाधव जिन्यावरून जवळजवळ पळतच उतरला.

*

दुपारचे तीन. मुलगी अन्विता बेंगळुरूहून रजा काढून आली होती, ती दारातच म्हणाली, "पप्पा, अम्माला फोर्स नको ना. डॉक्टर काय बोलले?"

"फोर्स नाही. तिचं पेन आणलंय."

वनजाने पेन बघितलं.

हे पांघरुणावर ठेवलं नाही. डाव्या हाताचं मनगट वाकवून, पूर्वी धरायची तसंच धरलं. बिंदुमाधवने तिच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर कागद.

वनजा लिहायला लागली.

निब कुठे अडखळली नाही. एक ओळ, दुसरी, तिसरी. शब्दांमध्ये अंतर, ओळी सरळ, चौथीच्या शेवटी ठाम टिंब. तिने कागद नवऱ्याकडे सरकवला.

त्याने वाचला.

कन्नड नाही. देवनागरी नाही. इंग्रजी नाही. आजोबांच्या कागदांतली मोडी त्याला थोडी यायची, तीही नाही. त्याने कागद उजेडाकडे नेला. उलटा धरून बघितला. अन्विताने हात तोंडावर दाबला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

नुसती वळणं होती. सुंदर, सारखी, वनजाची वळणं. अक्षर एकही नव्हतं.

वनजा त्याच्या तोंडाकडे बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. चुकलं.

"पाणी हवंय? पाठ दुखते?"

चुकलं.

मग त्याने ते सांगून टाकलं. "पेन मीच दिलं होतं त्या मुलाला. तुला न विचारता. खोटं बोललो तुझ्याशी."

वनजाने ऐकलं. पुन्हा मान हलवली. तेही नाही. ती काही वेगळंच विचारत होती.

तिने कागद ओढून घेतला आणि उरलेल्या जागेत पुन्हा लिहायला लागली. या वेळी मोठं, सावकाश, मठ्ठ मुलाला कळावं म्हणून लिहितात तसं.

तेही वाचता येईना.

संध्याकाळपर्यंत ती लिहीत राहिली. मधूनमधून शाई संपायची. ती पेन पुढे करायची आणि बिंदुमाधव ड्रॉपरने भरून द्यायचा.